पावती तिच्या नावाची, पैसे आमचे

ऑगस्ट २०२२ मध्ये पाच जणींच्या गटातून कर्ज घेताना मी हमीच्या ज्या कागदावर सही केली, त्याचा अर्थ मला नीट समजायला सव्वा वर्ष लागले. सही करताना मी अडाणी नव्हते. बारावीपर्यंत शिकलेली आहे आणि आमच्या जुन्या बचत गटाचे हिशेब मी नऊ वर्षे लिहिले आहेत. तरीही त्या दिवशी मी तो कागद वाचला नाही. माझ्यासारख्या इतर बायकांनी तरी तो वाचावा, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

मी सोलापूरच्या पूर्वभागात राहते आणि शाळेचे गणवेश शिवते. ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांना सांगायला हवे, की गणवेशाचे काम वर्षभर सारखे नसते. मार्चपासून जूनपर्यंत रात्री बारापर्यंत मशीन चालते, कापडाचे गठ्ठे घरात पाय ठेवायला जागा ठेवत नाहीत, आणि दिवाळीनंतर कधी कधी दोन-दोन आठवडे एक नगही येत नाही. त्यात करोनाच्या काळात शाळाच बंद राहिल्या, म्हणजे आमचे दोन हंगाम कोरडे गेले. २०२२ मध्ये शाळा पुन्हा नियमित सुरू झाल्या आणि व्यापारी पूर्ण तयार माल मागू लागले, तेव्हा पाच धाग्यांच्या ओव्हरलॉक मशीनवाचून माझे काम अडू लागले. टाके मारून घ्यायला मी माल दुसरीकडे पाठवत होते आणि मजुरीतला मोठा हिस्सा तिकडेच जात होता.

मशीनसाठी मी आधी एका पतसंस्थेत गेले. तिथे दोन पगारदार जामीनदार मागितले. आमच्या गल्लीत विड्या वळणाऱ्या बायका आहेत, यंत्रमागावर जाणारे पुरुष आहेत, रिक्षावाले आहेत, पण पगाराची पावती दाखवू शकेल असा माणूस एकही नाही. जामीनदार मिळाला नाही म्हणून कर्ज मिळाले नाही, आणि कर्ज मिळाले नाही म्हणून मशीन आली नाही. म्हणूनच मायक्रोफायनान्सचा, म्हणजे गरिबांना छोटी कर्जे देणाऱ्या कंपनीचा, मुलगा गल्लीत आला आणि त्याने सांगितले, की तारण नको, बाहेरचा जामीनदार नको, तुम्ही पाच जणी एकमेकींच्या जामीन राहा, तेव्हा मला ते खरोखर आमच्यासाठीच केलेले काहीतरी वाटले. आजही मला ती कल्पना वाईट वाटत नाही. ज्याच्याकडे ना जमीन ना पगार, त्याच्याकडे शेजाऱ्यांचा विश्वास असतो, आणि तो विश्वास कुणीतरी कर्जाच्या हिशेबात धरला ही मोठी गोष्ट आहे. माझी तक्रार त्या विश्वासाचे पुढे काय केले जाते, याविषयी आहे.

आम्ही पाच जणी जमलो. पलीकडच्या चाळीतल्या अक्का, ज्या चाळीस वर्षे विड्या वळतात, मेस चालवणाऱ्या मामी, शेजारच्या वहिनी, ज्यांचा भाजीचा गाडा आहे, मी, आणि आमच्यातली सर्वांत धाकटी, जिचे लग्न होऊन चारच वर्षे झाली होती आणि जी माझ्याकडूनच काज-बटणाचे काम शिकली होती. तिला गटात घ्यावे असा आग्रह माझाच होता. तीन दिवस ट्रेनिंग झाले, घरे पाहून गेले, आधार कार्डे, नवऱ्यांची ओळखपत्रे आणि रेशनकार्डे घेतली गेली, आणि चौथ्या आठवड्यात अक्कांच्या ओसरीवर सह्या झाल्या.

कागदांचा गठ्ठा जवळपास वीस पानांचा होता. कंपनीचे साहेब पान उलटत होते आणि जिथे पेन्सिलीने फुली केली होती तिथे आम्ही सही करत होतो. अक्कांच्या मांडीवर सूप होते. सुपातली तंबाखू सांडू नये म्हणून त्यांनी ते एका हाताने धरले, दुसऱ्या हाताचा अंगठा शाईला लावला आणि सहा ठिकाणी उमटवला. त्या गठ्ठ्यात एक पान होते, ज्याच्या डोक्यावर ‘परस्पर हमीपत्र’ असे छापले होते. पुढे मी ते इतक्यांदा वाचले, की त्यातले मुख्य वाक्य मला तोंडपाठ झाले आहे. गटातील सर्व सदस्या प्रत्येकीच्या कर्जाच्या परतफेडीस संयुक्तपणे व पृथकपणे जबाबदार राहतील, असा त्याचा आशय होता. ‘पृथकपणे’ या शब्दाचा अर्थ असा, की चौघी पळून गेल्या तरी उरलेल्या एकीकडून सगळ्यांचे पैसे मागता येतात. साहेबांनी त्या दिवशी हे एवढ्याच शब्दांत सांगितले : “एखादीला एखाद्या वेळी अडचण आली तर सांभाळून घ्यायचं.” सांभाळून घेणे आणि पृथकपणे जबाबदार राहणे यांत किती अंतर आहे, हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच जाणवले नाही.

कर्ज प्रत्येकी ४०,००० रुपयांचे होते, मुदत २४ महिन्यांची आणि हप्ता महिन्याला २,११५ रुपये. प्रक्रिया शुल्क, त्यावरचा जीएसटी आणि विम्याचा हप्ता कापून ३८,७०० रुपये खात्यावर आले. व्याज शेकडा सव्वा रुपयासुद्धा पडत नाही असे तोंडी सांगितले होते, आणि मूळ रकमेवर सरळ भाग दिला तर ते खरेही होते. पण रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार कर्जासोबत एक तथ्यपत्रक द्यावे लागते, आणि त्या पत्रकावर वर्षाला २४ टक्के असा आकडा होता. दोन्ही बरोबर आहेत. दर महिन्याला मुद्दल कमी होत जाते आणि व्याज उरलेल्या मुद्दलावरच लागते, हे लक्षात घेतले की दोन्हींचा मेळ बसतो. हा हिशेब मी त्याच रात्री घरी बसून केला. हमीपत्र मात्र वाचले नाही, कारण पैशाचे काम म्हणजे आकड्यांचे काम अशी माझी समजूत होती.

पहिले सात महिने काहीच अडचण आली नाही. मशीन आली, मजुरी वाचू लागली, आणि दर महिन्याच्या बैठकीत अक्कांच्या ओसरीवर पाच जणींचे १०,५७५ रुपये मोजून दिले जात.

एप्रिल २०२३ मध्ये धाकटीच्या नवऱ्याचा अपघात झाला. यंत्रमागावरून रात्रपाळी करून परतताना त्याला मोटारसायकलने उडवले, मांडीचे हाड मोडले आणि रॉड बसवावा लागला. तिच्याकडे हप्त्याला पैसे नव्हते, हे आम्हांला बैठकीच्या आधीच ठाऊक होते. साहेब येण्यापूर्वीच चौघींनी ठरवले, की या महिन्याचा तिचा हप्ता आपण भरू. २,११५ चे चार भाग केले तर ५२८ रुपये ७५ पैसे येतात. प्रत्येकीने ५२९ दिले आणि वरचा एक रुपया ओसरीवर खेळणाऱ्या नातवाला मिळाला. हंगाम भर जोरात होता, मला ते पैसे जड गेले नाहीत, आणि खरे सांगायचे तर त्या दिवशी मला आमच्या गटाचा अभिमान वाटला.

पण मे महिन्यातही तसेच झाले, जूनमध्येही, आणि नंतर ती बैठकीला येईनाशी झाली. ऑगस्टमध्ये ती नवऱ्याला घेऊन भिवंडीला दिराकडे गेली. सोलापूरची यंत्रमागावरची माणसे भिवंडीला जाणे ही इथली जुनी वाट आहे, तेव्हा त्यात कुणाला पळून जाण्यासारखे काही दिसले नाही. आम्ही मात्र भरत राहिलो. एप्रिल ते सप्टेंबर असे सहा हप्ते, म्हणजे १२,६९० रुपये, चौघींनी मिळून तिच्या नावावर भरले. म्हणजे प्रत्येकीने स्वतःच्या तेरा हप्त्यांखेरीज दीड हप्ता जास्तीचा दिला. वहिनींनी एका महिन्यात त्यासाठी कानातले गहाण ठेवले, हे मला त्यांनी फार उशिरा सांगितले.

सप्टेंबरच्या शेवटी गल्लीत एक अनोळखी मुलगा धाकटीचे घर विचारत आला. तो दुसऱ्याच एका कंपनीचा होता. त्याने सांगितले, की तिने जूनमध्ये माहेरच्या पत्त्यावर त्यांच्याकडून कर्ज घेतले होते आणि आता दोन हप्ते थकले होते. मी त्याला विचारले, की जूनमध्ये ती आमचाच हप्ता भरत नव्हती, मग तिला कर्ज मिळाले कसे? तो म्हणाला, “मावशी, रिपोर्ट एकदम क्लीन होता. एकही हप्ता चुकलेला नव्हता.”

त्या वाक्यावर मी रात्रभर विचार करत राहिले. मग उठून लोनकार्डांची झेरॉक्स काढून ठेवली होती ती पाहिली. तिच्या कार्डावर एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत प्रत्येक महिन्यापुढे २,११५ रुपये जमा आणि शिक्का, तिच्याच नावाने. आमच्या चौघींच्या कार्डांवर आमचे आमचे हप्ते, आणि त्याखेरीज काहीही नाही. आम्ही भरलेल्या १२,६९० रुपयांची जगात कुठेही नोंद नव्हती. कंपनीच्या दप्तरी ती नियमित कर्जदार होती. कोण कर्ज कसे फेडते याची नोंद ठेवणाऱ्या पतमाहिती कंपन्यांकडे दरमहा जाणाऱ्या माहितीतही ती नियमित कर्जदारच होती. आमच्या मदतीने तिची अडचण झाकली गेली होती. ती इतकी झाकली गेली, की दुसऱ्या कंपनीला ती दिसलीच नाही आणि तिच्यावर आणखी एक कर्ज चढले. आजारी माणसाचा ताप उतरवण्याऐवजी आम्ही तापमापकच फोडून टाकला होता. तिने फसवले असे मी तेव्हाही म्हटले नाही. नवरा प्लास्टरमध्ये असताना कुणी कर्ज देतो म्हटले तर मीही घेतले असते.

अक्कांना मी हे सांगितले तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. अक्कांचे माहेर आंध्राकडचे. तिकडे २०१० साली या कर्जांच्या वसुलीवरून काय झाले, सरकारला ऑक्टोबरमध्ये वटहुकूम काढावा लागला, हे त्यांनी नातेवाइकांकडून ऐकलेले होते. त्या एवढेच म्हणाल्या, “पुढच्या खेपेला आपापलं द्यायचं. पोरीचं पोरीला मागू दे त्यांना.”

ऑक्टोबरच्या बैठकीत आम्ही चौघींनी आपापले २,११५ रुपये पुढे केले. साहेबांनी ते घेतले नाहीत. पाचही हप्ते पुरे झाल्याशिवाय मशीनमध्ये एंट्री होत नाही, असे त्यांनी सांगितले. ते चोवीस-पंचवीस वर्षांचे असतील. त्यांच्यावर वरून किती दाब होता हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते, आणि फोन पाच-पाच मिनिटांनी वाजत होता. बैठक सकाळी दहाची होती. ते संध्याकाळी पुन्हा आले, आणि अक्कांच्या ओसरीवर साडेआठपर्यंत बसून राहिले. अक्कांच्या सुनेने दिवा लावला, सगळ्यांना चहा दिला, त्यांनाही दिला. शेजारीपाजारी दारात येऊन पाहून जात होते. अक्कांनी चाळीस वर्षांत कुणाचे देणे ठेवलेले नाही. त्या रात्री त्यांनी विड्यांचे सूप खाली ठेवले ते पुन्हा उचललेच नाही, नुसत्या भिंतीकडे पाहत बसल्या. ही हमी खरोखर कशावर चालते ते मला त्या ओसरीवर समजले. कोर्ट-कचेरीची तिथे गरजच पडत नाही. चार माणसांसमोर मान खाली जाईल, ही भीतीच पैसे वसूल करते.

मला अशा वेळी आमचा जुना बचत गट आठवत राहिला. तिथेही एकीचे कर्ज थकले होते, २०१६ मध्ये. आम्ही तेरा जणी बसलो, तिच्या घरची स्थिती पाहिली, हप्ता निम्मा केला, मुदत वाढवली आणि तसा ठराव इतिवृत्ताच्या वहीत लिहिला. पैसे आमच्या स्वतःच्या बचतीतले आणि गटाच्या नावावर बँकेने दिलेले होते, त्यामुळे कुणाला किती सवड द्यायची हे ठरवण्याचा अधिकार आमचा होता. नाबार्डने १९९२ मध्ये बचत गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला तो याच पायावर. आमच्या या पाच जणींच्या संयुक्त जबाबदारीच्या गटात मात्र जबाबदारी पाच जणींची आणि ठरवण्याचा अधिकार एकीलाही नाही. धाकटीचा हप्ता सहा महिने अर्धा करा, एवढी साधी विनंती आम्ही जूनमध्ये केली होती. सिस्टीममध्ये तशी सोय नाही, असे उत्तर मिळाले होते. हमीदाराला कर्जाच्या अटींविषयी एक शब्दही बोलता येत नसेल तर तो हमीदार कसला, हा प्रश्न मला आजही पडतो.

नोव्हेंबरमध्येही पैसे नाकारले गेले. त्याच महिन्यात मुलीच्या नर्सिंगच्या शैक्षणिक कर्जासाठी चौकशी करताना मी माझा पतअहवाल काढला. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्यात माझ्या नावापुढे थकबाकी दिसत होती. पैसे घेऊन मी दोनदा बसले होते, दोनदा नाकारले गेले, आणि थकबाकीदार मी ठरले.

दुसऱ्याच दिवशी मी जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात गेले. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे मला महिला मेळाव्यात कळले होते. मिळालेल्या वकीलबाईंनी हमीपत्र दोनदा वाचले आणि चष्मा काढून मला सरळ सांगितले, “ताई, हमी दिली म्हणजे दिली. तुम्हांला अर्थ सांगितला नाही म्हणून ती रद्द होत नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे जामिनाची जबाबदारी मूळ कर्जदाराएवढीच असते.” माझा चेहरा उतरलेला पाहून त्या थांबल्या, आणि मग त्यांनी मला जे तासभर समजावले ते मी वहीत लिहून घेतले आहे.

त्यांचे म्हणणे असे होते. कंपनी धाकटीचे उरलेले अकरा हप्ते, म्हणजे २३,२६५ रुपये, आम्हां चौघींपैकी कुणाकडूनही मागू शकते. मागण्यासाठी तिने रीतसर मागणी करावी, नोटीस द्यावी, हवे तर दावा लावावा. पण म्हणून माझा स्वतःचा हप्ता नाकारण्याचा अधिकार तिला कुठल्याही हमीपत्राने मिळत नाही. माझे कर्ज वेगळे आहे, माझे कार्ड वेगळे आहे, माझा खाते क्रमांक वेगळा आहे. कलम ३८ प्रमाणे मी पूर्ण रक्कम, बिनशर्त, योग्य वेळी आणि योग्य ठिकाणी देऊ केली आणि घेणाऱ्याने ती नाकारली, तर न भरल्याचा दोष माझ्यावर येत नाही. मात्र मी देऊ केली याचा पुरावा मला ठेवावा लागेल.

दुसरी गोष्ट आम्ही भरलेल्या १२,६९० रुपयांची. कलम १४५ नुसार जामिनाने मूळ कर्जदारासाठी जे योग्य रीतीने भरले ते परत मिळवण्याचा त्याला हक्क असतो, मग तसे कुठे लिहिलेले असो वा नसो. आणि कलम १४६ नुसार सहजामीनदारांनी भार सारखा उचलायचा असतो, म्हणजे उद्या आमच्यातल्या एकीकडूनच सगळे वसूल केले तर ती बाकी तिघींकडून त्यांचा वाटा मागू शकते. “हक्क आहे,” वकीलबाई म्हणाल्या, “पण भरलं कुणी हे सिद्ध कसं करणार? पावती तर तिच्या नावाची.” मी माझी शंभर पानी वही पुढे केली. बचत गटाच्या सवयीने मी एप्रिलपासून दर महिन्याला लिहून ठेवले होते : तारीख, धाकटीच्या हप्त्यापोटी, अक्का ५२९, मामी ५२९, वहिनी ५२९, मी ५२९, आणि पुढे प्रत्येकीची सही किंवा अंगठा. वकीलबाईंनी ती पाने मोबाइलवर टिपून घेतली आणि म्हणाल्या, की आपल्याकडे आहे ते एवढेच आहे, पण ते पुष्कळ आहे.

त्यानंतर आम्ही नेटाने कामाला लागलो. शाखेत चौघी मिळून गेलो, पूर्ण रक्कम मोजून पुढे ठेवली आणि अर्जाच्या दोन प्रती दिल्या. पोच द्यायला त्यांनी नकार दिला, तेव्हा तोच अर्ज ४ डिसेंबरला रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवला. अर्जात तीनच मागण्या होत्या. आमचे हप्ते स्वतंत्रपणे स्वीकारावेत. नाकारलेल्या महिन्यांची थकबाकीची नोंद दुरुस्त करावी. आणि संध्याकाळी सहानंतर ओसरीवर येऊन बसणे थांबवावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर कर्जदाराला फोन करणेसुद्धा जाचक वसुलीत धरले आहे, आणि ठरलेल्या जागी कर्जदार लागोपाठ दोनदा आला नाही तरच त्याच्या घरी जाण्याची मुभा आहे. आम्ही तर प्रत्येक बैठकीला पैसे घेऊन हजर होतो. दरम्यान वकीलबाईंच्या सांगण्यावरून प्रत्येकीने पोस्टाच्या बचत खात्यात दरमहा २,११५ रुपये टाकायला सुरुवात केली, की जेव्हा घेतील तेव्हा एकरकमी देता यावेत. हे शिस्तीने करणे फार कठीण होते, कारण ते दिवस कामाच्या टंचाईचे होते आणि समोर पडलेला पैसा खर्च न करणे हे पैसा मिळवण्याहून अवघड असते.

कंपनीचे उत्तर आले ते तीन ओळींचे : गटाची जबाबदारी संयुक्त असल्याने संपूर्ण गटाचा भरणा अपेक्षित आहे. असे असमाधानकारक उत्तर आले, किंवा तीस दिवसांत काहीच उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. १२ नोव्हेंबर २०२१ पासून सगळ्या देशासाठी एकच योजना आहे, फी काही नाही, वकील लागत नाही, आणि तक्रार ऑनलाइन करता येते किंवा चंदीगडच्या केंद्राला पत्राने पाठवता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. भाच्याच्या फोनवर बसून जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तक्रार भरली. पोस्टाची पोचपावती, अर्जाची प्रत, चौघींची लोनकार्डे, पोस्टाच्या पासबुकांची पाने आणि वहीचे फोटो जोडले. तक्रारीत भावना कुठेही लिहू नका, तारखा लिहा, असे वकीलबाईंनी बजावले होते. अक्कांच्या त्या रात्रीविषयी मला एक पूर्ण पान लिहायचे होते. मी एकच ओळ लिहिली : दिनांक, ठिकाण, रात्री ८.३० पर्यंत.

याच काळात मी या गटपद्धतीचे मूळ शोधून वाचले. मुहम्मद युनूस यांनी १९७६ मध्ये बांगलादेशात चितगावजवळच्या जोबरा गावात हा प्रयोग सुरू केला, १९८३ मध्ये त्याची ग्रामीण बँक झाली, आणि २००६ मध्ये त्यांना आणि बँकेला मिळून नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. पाच जणींचा गट ही रीत तिथलीच. पण त्याच बँकेने पुढे आपली पद्धत बदलली. आता तिथे गट असतो, बैठक असते, पण एकीच्या कर्जाला दुसरी जामीन नसते. परतफेडीची जबाबदारी जिचे कर्ज तिचीच. हे वाचून मला आधी आश्चर्य आणि मग वाईट वाटले. जिथून ही रीत आपण आणली तिथल्या माणसांनी अनुभवाने ती सोडली, आणि सोलापूरच्या एका ओसरीवर वीस वर्षांनंतरही अक्का तिच्यापायी रात्र काढतात.

मार्चमध्ये कंपनीच्या मुख्य कार्यालयातून फोन आला आणि आठवड्याभरात पत्र आले. लोकपालांकडून विचारणा झाल्यावर कंपनीने आमचे म्हणणे मान्य केले होते. चौघींचे हप्ते स्वतंत्रपणे घेतले जातील, विलंबशुल्क लागणार नाही आणि पतमाहिती कंपन्यांकडची नोंद दुरुस्त होईल. ऑक्टोबर ते मार्च असे सहा हप्ते प्रत्येकीने पोस्टातून काढून एका दिवशी भरले. ते प्रत्येकीचे १२,६९० रुपये झाले, बरोबर तेवढेच, जेवढे आम्ही चौघींनी मिळून धाकटीसाठी भरले होते. नोंद दुरुस्त व्हायला मात्र मे उजाडला. आता २६ एप्रिल २०२४ पासून दुरुस्ती तीस दिवसांत झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम लागू झाला आहे. आमची तक्रार त्याच्या आधीची.

ऑगस्ट २०२४ मध्ये आमचे चोवीस हप्ते पुरे झाले. ना-देय दाखला मिळाला, त्यावर माझे कर्ज खाते बंद झाल्याचे लिहिले आहे. हमीविषयी त्यात एकही शब्द नाही. मी दोन पत्रे लिहून विचारले, उत्तर आलेले नाही. वकीलबाईंनी ती पत्रे आणि पोचपावत्या जपून ठेवायला सांगितल्या आहेत.

दिवाळीला धाकटी आली. नवरा काठी टेकत चालत होता. ती आधी माझ्याकडे येईल असे वाटले होते, पण ती थेट अक्कांकडे गेली, आणि अक्कांनी तिला काहीही न बोलता फराळाचे ताट दिले. कंपनीचे तिचे हप्ते तिने भिवंडीहून फोनवरून थोडे थोडे भरायला सुरुवात केली होती. आमच्यासाठी तिने ४,००० रुपये आणले होते. आम्हांला तिच्यावर दावा लावायचा नव्हता, पण वकीलबाईंनी सांगितलेले मी विसरले नव्हते : असे पैसे मागण्याची मुदत तीन वर्षांची असते, आणि त्या मुदतीत देणेकऱ्याने देणे सहीनिशी मान्य केले तर मुदत तिथपासून पुन्हा मोजली जाते. ती रडत होती, आणि तिला सही मागणे मला जड जात होते. तरी मी वही उघडली. वर लिहिले : एप्रिल ते सप्टेंबर २०२३, सहा हप्ते, चौघींनी भरले, एकूण १२,६९०. आज मिळाले ४,०००. बाकी ८,६९०. तिने ते वाचून पाहिले, ‘बाकी’ या शब्दावर बोट ठेवून मला विचारले, की याला व्याज आहे का. मी नाही म्हटले. तिने सही केली, खाली मामींनी, वहिनींनी आणि मी केली, आणि अक्कांनी हातातली तंबाखू पदराला पुसून अंगठा शाईला लावला.